शून्याचा अर्थ : मानसशास्त्रीय संशोधनाची पद्धती आणि नीती

(रायपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाची सुरुवात याच राज्यातील एका आकड्यापासून करणे उचित ठरेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये शेती करणाऱ्या १,१२६ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०११ मध्ये, याच रकान्यात शून्य ही संख्या आली. एका वर्षात एवढे मोठे दुःख नाहीसे झाले असते तर त्याहून आनंदाची गोष्ट नव्हती. परंतु राज्यातील एकूण आत्महत्यांची संख्या त्या वर्षीही हजारोंच्या घरातच राहिली. मृत्यू थांबले नव्हते; त्यांची नोंद ज्या रकान्यात होत असे, तो रकाना बदलला होता. ‘इतर’ या सदराखालील संख्या वाढली, याकडे अभ्यासकांनी त्या वेळी लक्ष वेधले. २०१४ पासून विभागाने ‘शेतकरी’ आणि ‘शेतमजूर’ असे दोन स्वतंत्र वर्ग केले, तेव्हा छत्तीसगडच्या नोंदीत ही संख्या पुन्हा शेकड्यांमध्ये दिसू लागली.

मानसशास्त्राच्या संशोधन पद्धतीतील पहिला धडा या उदाहरणात आहे. कोणतीही गोष्ट मोजण्यापूर्वी ती कशाला म्हणायचे हे ठरवावे लागते. यालाच कार्यकारी व्याख्या म्हणतात. ‘शेतकरी’ म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे तो, की जो प्रत्यक्ष नांगर धरतो तो? पतीच्या नावावरील जमिनीत आयुष्यभर राबणारी स्त्री शेतकरी ठरते की गृहिणी? व्याख्या बदलली की संख्या बदलते आणि संख्या बदलली की मदतीचा मार्ग बदलतो. म्हणूनच व्याख्या हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही, तो न्यायाचाही प्रश्न होतो.

सामान्यतः पाठ्यपुस्तकांत संशोधनाची पद्धती एका प्रकरणात आणि संशोधनाची नीती दुसऱ्या प्रकरणात दिलेली असते. त्यामुळे विद्यार्थ्यांचा असा समज होतो की, आधी शास्त्रशुद्ध संशोधन करायचे आणि नंतर शिष्टाचार म्हणून संमतीपत्रावर सही घ्यायची. वस्तुस्थिती वेगळी आहे. मनाच्या अभ्यासात मोजपट्टी संशोधकाच्या हाती असली तरी मोजमाप समोरच्या माणसाच्या उत्तरावर अवलंबून असते. ते उत्तर भीतीपोटी, लाजेपोटी किंवा लाभाच्या आशेने दिलेले असेल, तर त्या व्यक्तीवर अन्याय होतोच, शिवाय निष्कर्षही चुकतो. मानसशास्त्रात नीती ही पद्धतीचाच भाग आहे, हे आजच्या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

सर्वेक्षण : नमुना आणि एकांत

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यासाठी निवडलेल्या बारा राज्यांमध्ये छत्तीसगडचा समावेश होता. सर्वेक्षणात ३४,८०२ प्रौढ व्यक्तींच्या मुलाखती झाल्या. नमुना निवड बहुस्तरीय होती. प्रथम जिल्हे, मग तालुके, मग गावे वा प्रभाग आणि शेवटी कुटुंबे, अशा क्रमाने यादृच्छिक पद्धतीने निवड करण्यात आली. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या काळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. आत्महत्येचा तीव्र धोका असलेल्यांचे प्रमाण जवळपास १ टक्का होते. देशाच्या मानसिक आरोग्य धोरणाची चर्चा आजही या आकड्यांच्या आधारे होते.

आता अशा सर्वेक्षणातील एका मुलाखतीची कल्पना करावी. रायपूरपासून तास-दीड तासाच्या अंतरावरील एखादे गाव. ओसरीवर तरुण सून बसली आहे, शेजारी सासू, दाराशी कुतूहलाने जमलेल्या दोन शेजारणी. सर्वेक्षक विचारतो, ‘गेल्या महिन्याभरात जगणे नकोसे झाले असे कधी वाटले का?’ सून मान खाली घालून ‘नाही’ म्हणते. सर्वेक्षक ‘नाही’ची नोंद करून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. या एका क्षणी दोन चुका घडल्या. त्या स्त्रीची गोपनीयता भंगली आणि सर्वेक्षणात एक असत्य उत्तर दाखल झाले. या दोन चुकांचे मूळ एकच आहे.

याचे गणित मांडून पाहू. समजा, एका भागात १० टक्के स्त्रिया तीव्र मानसिक ताणाखाली आहेत आणि एकांत न मिळाल्यामुळे त्यांच्यापैकी निम्म्या जणी तो लपवतात. एक हजार स्त्रियांच्या सर्वेक्षणात ५ टक्के हे प्रमाण येईल. संख्याशास्त्राच्या ९५ टक्के खात्रीच्या निकषाने ते ३.६ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान आहे, असा निष्कर्ष निघेल. ‘नमुना लहान आहे, तो वाढवा’ असे कोणी सुचवले आणि दहा हजार स्त्रियांना विचारले, तर हीच मर्यादा ४.६ ते ५.४ टक्के इतकी अरुंद होईल. खरे प्रमाण मात्र १० टक्केच आहे. नमुना वाढवल्याने यादृच्छिक त्रुटी कमी होते, पद्धतशीर त्रुटी कमी होत नाही. उलट चुकीच्या आकड्यावरील विश्वास वाढतो. त्या आकड्यावरून जिल्ह्याचा आराखडा तयार झाला, तर समुपदेशक निम्मेच नेमले जातील आणि औषधेही निम्मीच येतील.

यासंदर्भात आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. हे सर्वेक्षण झाले तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. अनोळखी माणसाला अशा प्रयत्नाची माहिती देणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे, असे कुणाला वाटले असल्यास नवल नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ मध्ये अंमलात आला. त्याच्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ ची तरतूद ठेवण्यात आलेली नाही. त्यामुळे आगामी काळात अशा उत्तरांचे प्रमाण वाढलेले दिसले, तर त्याचा अर्थ दुःख वाढले असाच घेता येणार नाही. ते बोलून दाखवण्याची भीती कमी झाली, असाही तो असू शकेल. दोन काळांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाला कायद्याचा इतिहासही माहीत असावा लागतो, तो यासाठी.

भाषेचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३०.६ टक्के आहे. छत्तीसगढी, गोंडी, कुडुख, सादरी आणि मराठीशी जवळचे नाते सांगणारी बस्तरची हलबी, अशा अनेक भाषा येथे बोलल्या जातात. मानसशास्त्रीय चाचण्या मात्र बहुतांशी इंग्रजीत तयार झालेल्या आहेत. त्यातील ‘डिप्रेशन’ या शब्दाचे शब्दकोशातील भाषांतर ‘अवसाद’ किंवा ‘नैराश्य’ असे होईल. परंतु गावातील माणूस आपली व्यथा या शब्दांत सांगत नाही. विदर्भातील शेतकरी ‘जीव लागत नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘झोप उडाली’ असे म्हणतो. मनाची तक्रार अनेकदा शरीराच्या भाषेत येते.

यासाठी चाचणीचे स्थानिक भाषेत भाषांतर करून, दुसऱ्या तज्ज्ञाकडून ते पुन्हा मूळ भाषेत करून घेतात आणि दोन्ही पाठांची तुलना करतात. याला उलट-भाषांतराची पद्धत म्हणतात. त्यानंतर दोन गुण तपासले जातात. तीच चाचणी पुन्हा घेतल्यास तसेच उत्तर मिळते का, ही विश्वसनीयता. जे मोजायचे आहे तेच मोजले जाते का, ही यथार्थता. दररोज एक किलो जास्त दाखवणारा काटा विश्वसनीय असतो, पण यथार्थ नसतो. भाषा न समजता दिलेली संमतीही तशीच. कागदावर अंगठा असतो, पण संमती नसते.

छत्तीसगडमध्ये २००२ पासून गावोगावी काम करणाऱ्या ‘मितानिन’ या संदर्भात उपयुक्त ठरू शकतात. पुढे देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेपूर्वीचा हा प्रयोग. मितानिन गावची भाषा बोलते, तिच्यावर गावचा विश्वास असतो. मात्र याची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. जिला आज मनातले सांगितले, तीच उद्या हातपंपावर भेटणार असते. जवळच्या व्यक्तीजवळ माणूस मोकळा होतो आणि जवळच्या व्यक्तीपासूनच गोष्टी लपवतोही. कोणता प्रश्न कोणी विचारावा, हे म्हणूनच विषयानुरूप ठरवावे लागते.

मृत्यूनंतरची चौकशी

ज्याने आत्महत्या केली त्याची मुलाखत घेता येत नाही. म्हणून त्याचे कुटुंबीय, मित्र व शेजारी यांच्याशी बोलून त्याच्या अखेरच्या काळातील मनःस्थितीचा शोध घेतला जातो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे श्नाइडमन, फार्बरो व लिटमन यांनी विकसित केलेल्या या पद्धतीला ‘सायकॉलॉजिकल ऑटॉप्सी’ म्हणतात.

महाराष्ट्रात याच प्रश्नावर महत्त्वाचे काम झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल दिला. पाठोपाठ जानेवारी २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे अर्थतज्ज्ञ श्रीजित मिश्रा यांचा अहवाल आला. मिश्रा यांनी वर्धा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांत आत्महत्या घडलेल्या १११ कुटुंबांचा अभ्यास केला आणि तुलनेसाठी आत्महत्या न घडलेली १०६ शेतकरी कुटुंबे घेतली. तुलना नसती तर ‘आत्महत्या केलेले शेतकरी कर्जबाजारी होते’ एवढेच म्हणता आले असते. पण कर्ज तर शेजाऱ्यावरही असते. दोन्ही गटांची तुलना केल्यावरच आत्महत्या घडलेल्या कुटुंबांवरील कर्जाचा बोजा कितीतरी अधिक होता, तसेच एका घरात अनेक कारणे एकत्र आली होती, हे दिसून आले. याला प्रकरण-नियंत्रण पद्धत म्हणतात.

या पद्धतीतील नैतिक प्रश्न अधिक नाजूक आहेत. महाराष्ट्रात २००६ पासून पात्र कुटुंबांना एक लाख रुपयांची मदत दिली जाते आणि कर्जबाजारीपणा हा पात्रतेचा महत्त्वाचा निकष आहे. अशा घरात वही घेऊन गेलेला संशोधक शासनाचा माणूस आहे, असा समज होणे स्वाभाविक असते. मग विधवा कर्जाबद्दल बोलते आणि पतीच्या दारूबद्दल, घरातील भांडणाबद्दल किंवा आजाराबद्दल मौन पाळते. ती खोटे बोलते असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल. तिच्यापुढे मुलांच्या पोटाचा प्रश्न असतो. आपल्या अभ्यासाचा मदतीशी संबंध नाही, हे आधीच स्पष्टपणे सांगणे, मुलाखतीसाठी शोकाचा पहिला काळ ओसरू देणे, बोलताना ती कोलमडली तर प्रश्नावली बाजूला ठेवणे, आणि मदत कोठे मिळेल हे सांगून मगच उठणे, ही संशोधकाची कर्तव्ये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक सर्वेक्षकाच्या जवळ असावयास हवा.

प्रयोग आणि तुलनेचा गट

कारण आणि परिणाम यांचा संबंध सिद्ध करण्याचे सर्वांत सबळ साधन म्हणजे प्रयोग. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्य प्रकल्प राबवण्यात आला. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण प्रकल्पापूर्वी ४.३ टक्के होते, ते नंतरच्या सर्वेक्षणात २७.२ टक्के झाले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही वाढ निश्चितच मोठी आहे. तथापि हा अभ्यास ‘आधी आणि नंतर’ या स्वरूपाचा होता. त्यात प्रकल्प नसलेल्या गावांचा नियंत्रित गट नव्हता. त्यामुळे मधल्या काळात पाऊस, पिकांचे भाव किंवा अन्य शासकीय योजना यांचा वाटा किती, हे निश्चितपणे वेगळे काढता येत नाही.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने याहून वेगळा मार्ग स्वीकारला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला स्थानिक, बिगर-डॉक्टर समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत साहाय्य दिले. तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. येथे प्रश्न निर्माण होतो तो दुसऱ्या गटाचा. माणूस आजारी आहे हे कळूनही त्याला केवळ तुलनेसाठी तसेच सोडून द्यावे काय? या अभ्यासात तसे केले नाही. नियंत्रित गटातील रुग्णांच्या तपासणीचा निष्कर्ष त्यांच्या डॉक्टरांना कळवण्यात आला आणि उपचारांची मार्गदर्शक सूत्रेही देण्यात आली. म्हणजे तुलना ‘उपचार आणि उपेक्षा’ यांच्यात झाली नाही, ‘सुधारित नेहमीचा उपचार’ आणि ‘त्यासोबत समुपदेशन’ यांच्यात झाली. नीती पाळल्याने प्रयोग दुबळा झाला नाही. धोरणकर्त्यांना हवे असलेले उत्तर त्यातूनच मिळाले.

याउलट काही प्रयोग ज्ञान देतात, पण अस्वस्थही करतात. अर्थतज्ज्ञ कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ६४२ शाळकरी मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. त्यांतील निम्मी मुले उच्च मानल्या गेलेल्या, तर निम्मी खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील होती. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. जात सर्वांसमक्ष जाहीर केली तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. क्षमता जन्माने ठरते या समजाला याहून नेमके उत्तर सापडणे कठीण. तरीही त्या मुलांची जात सर्वांसमोर उच्चारली गेली, हेही खरे. कोणत्याही नीती समितीपुढे असा प्रस्ताव आल्यास मिळणारे ज्ञान आणि होणारी इजा यांचा तोल तिला प्रामाणिकपणे पाहावा लागेल. मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत अशा पेचांनाच सामोरे जावे लागते.

नियमांची वाटचाल

संशोधन नीतीचे नियम सद्भावनेतून कमी आणि शोकांतिकांतून अधिक जन्मले. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ ची न्यूरेम्बर्ग संहिता आली. १९६४ मध्ये हेलसिंकी जाहीरनामा आला. अमेरिकेतील टस्कगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे कृष्णवर्णीय रुग्णांना उपदंशावरील उपचारांपासून वंचित ठेवून निरीक्षण केले गेले. त्यातून १९७९ चा बेलमाँट अहवाल आकारास आला. व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही त्याची तीन तत्त्वे होत. मानसशास्त्रातही येल विद्यापीठातील स्टॅनली मिलग्रम यांचे आज्ञापालनाचे प्रयोग आणि सहा दिवसांत थांबवावा लागलेला १९७१ चा स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोग यांनी हेच प्रश्न उपस्थित केले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सामाजिक व वर्तनशास्त्रीय संशोधनाचाही स्वतंत्र विचार करतात. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची केवळ मुलाखत घ्यायची असली तरी तिची मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि मेंदू-आलेखन या चाचण्या संमतीवाचून करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. माणसाच्या मनात डोकावण्याचा अधिकार राज्यसंस्थेलाही अमर्याद नाही, हा त्याचा आशय.

नियम असूनही काय घडू शकते, याचे उदाहरण छत्तीसगडच्या शेजारीच आहे. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीचा प्रकल्प झाला. आश्रमशाळांतील अनेक आदिवासी मुली त्यात होत्या. संसदीय स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. आई-वडील दूर होते आणि अधीक्षक जवळ होते. सोय हाच संमतीचा पर्याय ठरला. रायपूरलगतच्या गरियाबंद व धमतरी जिल्ह्यांत कमार ही विशेष असुरक्षित जमात राहते. राज्यात वसतिगृहे व आश्रमशाळाही मोठ्या संख्येने आहेत. तेथे मुलांच्या बुद्धिमापनाची वा मनःस्थितीची प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने खम्ममची आठवण ठेवावी.

समारोप

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंधक धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १० टक्क्यांनी कमी करणे, हे त्याचे उद्दिष्ट. २०२२ मध्ये छत्तीसगडचा आत्महत्येचा दर राष्ट्रीय दराच्या दुपटीहून अधिक होता. त्यामुळे हे उद्दिष्ट या राज्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे. ते गाठण्याचे दोन मार्ग आहेत. एक दीर्घ व खर्चिक. त्यात समुपदेशक नेमावे लागतील, कर्जाचा व दारूचा प्रश्न हाताळावा लागेल, लोकांच्या भाषेत लोकांशी बोलावे लागेल. दुसरा मार्ग सोपा आहे. त्यात ठाण्यापासून दिल्लीपर्यंतच्या एखाद्या टेबलावर फक्त रकाना बदलावा लागतो.

या सभागृहातील काही विद्यार्थी उद्या तहसीलदार, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक होतील. सर्वेक्षणांचे प्रस्ताव त्यांच्यापुढे मंजुरीसाठी येतील आणि आकड्यांचे तक्ते सहीसाठी येतील. त्या वेळी तक्ता बघताना उत्तर देणाऱ्याला एकांत मिळाला होता का, प्रश्न त्याच्या भाषेत विचारला होता का, आणि ‘नाही’ म्हणण्याची त्याला मुभा होती का, हे तीन प्रश्न विचारले जावेत. आणि एखाद्या वर्षी एखाद्या रकान्यात अचानक शून्य आले, तर अभिनंदनाचे पत्र पाठवण्यापूर्वी शेजारचा रकानाही पाहिला जावा.